गाडीच्या पाटीवरचे अक्षर



मराठीच्या व्यासपीठावर भाषेचा अभिमान बोलून दाखवायला कुणाची हरकत नसते. म्हणूनच इथे श्रीलंकेची कहाणी सांगायला हवी. तिथे हाच अभिमान कायद्यात उतरला आणि देशाची दोन शकले होण्याची वेळ आली.

सिंहली तरुणांची तक्रार खोटी नव्हती, हे आधी मान्य केले पाहिजे. १९४८ साली देश स्वतंत्र झाला, तरी कचेऱ्या आणि कोर्टे इंग्रजीतच चालत. गावच्या शाळेत सिंहलीतून शिकलेल्या मुलाला सरकारी नोकरीचे दार बंद. उत्तरेकडच्या तमिळ मुलखातल्या जाफन्यात मिशनऱ्यांच्या शाळा जुन्या, त्यामुळे तिथल्या तमिळ मुलांना इंग्रजी येई आणि नोकऱ्याही मिळत. भांडण खरे तर इंग्रजीशी होते. ते तमिळवर उलटले ते मतांच्या चढाओढीत.

आधी दोन्ही मोठे पक्ष सिंहली आणि तमिळ या दोन्ही भाषांना समान स्थान देऊ म्हणत होते. मग त्यातल्या एका पक्षाचे नेते, ऑक्सफर्डमध्ये शिकलेले बंदरनायके यांनी ‘फक्त सिंहली’ची हाक दिली. वारे तिकडे वाहते आहे असे दिसताच सत्ताधारी युनायटेड नॅशनल पक्षानेही फेब्रुवारी १९५६ मध्ये तीच भूमिका उचलली. निवडणूक बंदरनायके यांनी जिंकली आणि जूनमध्ये तसा कायदा झाला. कोलंबोच्या गॉल फेस मैदानावर तमिळ नेते चेल्वनायकम यांच्या फेडरल पक्षाने सत्याग्रह केला, तेव्हा शांतपणे बसलेल्या माणसांना जमावाने झोडपून काढले.

पुढच्याच वर्षी बंदरनायके यांनी चेल्वनायकम यांच्याशी करार केला. तमिळ मुलखात कारभार तमिळमधून चालावा, प्रादेशिक मंडळांना काही अधिकार मिळावेत, एवढेच त्यात होते. आता विरोधात बसलेल्या युनायटेड नॅशनल पक्षाचे जयवर्धने लगेच कँडीच्या वाटेने मोर्चा घेऊन निघाले. एप्रिल १९५८ मध्ये भिक्खूंनी पंतप्रधानांच्या घरापुढे धरणे धरले आणि करार रद्द झाला. १९६५ साली युनायटेड नॅशनल पक्षाने चेल्वनायकम यांच्याशी तसाच करार केला, तेव्हा बंदरनायके यांच्या पक्षाने तो हाणून पाडला. पुरातन वैरापेक्षा या चढाओढीनेच समेटाच्या वाटा बुजवल्या.

पहिला करार मोडला त्या दिवसांतला गाड्यांच्या पाट्यांचा प्रसंग लक्षात ठेवण्यासारखा आहे. वाहनांच्या नंबरपाटीवर सिंहली लिपीतले ‘श्री’ सक्तीचे झाले. हे अक्षर मिरवणाऱ्या सरकारी बसगाड्या जाफन्यात आल्या, तशी तिथल्या लोकांनी ते पुसून तमिळ अक्षर लिहायला सुरुवात केली. त्याला उत्तर म्हणून दक्षिणेत तमिळ दुकानांच्या पाट्यांवर डांबर फासले गेले. मे १९५८ मध्ये डांबराची जागा आगीने घेतली आणि दंगलीत शेकडो माणसे मेली.

१९८१ साली जाफन्याचे सार्वजनिक ग्रंथालय जाळले गेले. सुमारे ९७ हजार ग्रंथ आणि ताडपत्रांवरची हस्तलिखिते राख झाली. बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांचाच त्यात हात होता. साहित्याच्या सभेत या घटनेचा उच्चार व्हायलाच हवा. जुलै १९८३ मध्ये तर कोलंबोत जमाव मतदारयाद्या घेऊन तमिळांची घरे शोधत फिरले. तमिळला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला १९८७ साली, तेव्हा यादवी युद्ध पेटून चार वर्षे झाली होती. ते मे २००९ मध्ये संपले.

लेखकांचाही या कहाणीत वाटा आहे. ‘महावंस’ या पाली बखरीत सिंहली राजा दुट्ठगामणी तमिळ राजा एळाराला मारतो. राजकारण्यांनी एवढेच उचलले. त्याच बखरीत पुढे असे आहे की दुट्ठगामणीने शत्रूचे स्मारक उभारले, त्याचा मान राखण्याची आज्ञा केली आणि नंतरचे राजेही तिथून जाताना वाद्ये थांबवीत. ही पाने शाळकरी मुलांपुढे आणि सभांमधून तितक्याच जोराने मांडणारे पंडित फार थोडे निघाले.

याउलट भारतात त्याच १९५६ साली भाषावार राज्यपुनर्रचना झाली. संयुक्त महाराष्ट्रासाठी हुतात्मे पडले, पण अखेर १ मे १९६० रोजी दिल्लीला लोकांचे म्हणणे मानावे लागले. १९६५ साली आजच्या तमिळनाडूत हिंदीविरोधात आग भडकली, तेव्हाही दिल्लीनेच पाऊल मागे घेतले आणि १९६७ साली इंग्रजी चालू ठेवण्याची हमी कायद्यात घातली. तमिळनाडू भारतात राहिला याचे श्रेय या नमते घेण्याला आहे. त्याला दुबळेपणा म्हणणाऱ्यांनी जाफन्याचा इतिहास वाचावा.

सरकारी कागद आपल्या भाषेत मिळत नाही तेव्हा माणसाला काय वाटते, हे बेळगावच्या मराठी माणसाला कुणी समजावून सांगायला नको. त्याच्यासाठी हे संमेलन ठराव करीलच, आणि तो करावाच. मात्र गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्या आणि मेळघाटातल्या कोरकू बोलणाऱ्या मुलांना पहिलीची पुस्तके त्यांच्या भाषेत मिळावीत, ही मागणीही त्याच ठरावात त्याच शब्दांत असावी, अशी सर्व प्रतिनिधींना कळकळीची विनंती आहे.