शेजारगावांची जूट



चौलात उभे राहून गावागावांच्या जुटीविषयी बोलायचे, तर पहिला दाखला शोधायला दूर जायला नको. १५७० साली अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा, विजापूरचा अली आदिलशहा आणि कालिकतचा झामोरीन यांनी पोर्तुगीजांविरुद्ध हातमिळवणी केली. निजामशहाने याच चौलाला वेढा घातला, आदिलशहाने गोव्याला. फौजा अफाट होत्या. तरी १५७१ साली दोन्ही वेढे उठले. पोर्तुगीजांकडे माणसे थोडी होती, पण समुद्राची वाट खुली होती आणि गोवा स्वतः संकटात असताना तिथून चौलाला कुमक येत होती. राजे एकाच वेळी लढले. बंदरे एकमेकांसाठी लढली. या दोहोंतला फरक हाच आजचा विषय.

कुणी म्हणेल, या राजेरजवाड्यांच्या गोष्टी झाल्या, नगरांचे काय? बाल्टिक आणि उत्तर समुद्राकडच्या ल्युबेक, हाम्बुर्ग आदी व्यापारी नगरांनी मध्ययुगात हान्झा नावाचा संघ उभारला. १३५६ पासून त्यांचे प्रतिनिधी एकत्र बसून ठराव करीत. संघाचे कायमचे सैन्य नव्हते. ठराव मोडील त्याला बाहेर काढणे, हे त्याचे हत्यार. १४७१ साली कोलोनसारख्या बड्या नगरालाही त्याने बाहेरची वाट दाखवली. पुढे मात्र जो तो आपापल्या फायद्याकडे पाहू लागला. १६६९ साली शेवटची सभा भरली, तेव्हा अवघी नऊ नगरे हजर होती.

आता आपल्या दारात पाहू. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. श्रीवर्धन, मुरूड, रेवदंडा, चौल इथल्या नारळी-पोफळीच्या बागा त्याने आडव्या केल्या. हद्द कुठे संपते, हे त्याने कुणाला विचारले नाही. कारभार मात्र हद्दीचा! अलिबागला नगरपरिषद, चौलाला आणि रेवदंड्याला आपापली ग्रामपंचायत. रस्ता एक, किनारा एक. सुटीच्या दिवशी मुंबईहून येणारी गर्दी तीच आणि तिने मागे टाकलेला कचराही तोच. एका गावाने कचरा उचलला आणि शेजारच्याने ओढ्यात लोटला, तर पहिल्याचे श्रम पाण्यात गेले, हे उघड आहे.

यावर कायदा मुका नाही. १९९२ सालच्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती सांगितली आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या समाईक हिताच्या बाबी, विशेषतः पाण्याची वाटणी आणि पर्यावरणाचे रक्षण, तिने एकत्र विचारात घ्याव्यात, असे घटनाच म्हणते. तिचे निदान चार-पंचमांश सदस्य लोकनियुक्त सदस्यांनी आपल्यातून निवडायचे. महाराष्ट्रात तिचे अध्यक्षपद पालकमंत्र्यांकडे असते. निधी आपल्या गावाला किती आला, एवढेच आपण तिच्याविषयी विचारले, तर ती वाटपाची जागा होईल. विचाराची होणार नाही. आपण दुसराही प्रश्न विचारावा: दोन गावांच्या मधल्या दुखण्यावर कोणती योजना झाली?

मोठे नगर असले की लहान गाव दबते, ही शंका खोटी नव्हे. म्हणून जुटीत तीन गोष्टी हव्यात. लहानालाही मोठ्याइतकेच बोलण्याचा हक्क हवा. प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे भरलेली समाईक थैली हवी. आणि ठराव मोडणाऱ्याला जाब विचारण्याची सोय हवी. यांतले एक जरी नसले, तरी हारतुरे होतील, काम होणार नाही.

हे आपल्याला परके नाही. अलिबागच्या खारेपाटात शेतकरी जोळ पद्धतीने समुद्राचे बांध राखीत आले. भरतीच्या पाण्याने बांध फोडला, की खांड कुणाच्या शेतासमोर पडली याचा वाद नंतर; आधी सगळ्यांनी मिळून माती टाकायची. कारण पाणी एकाच्या शेतात शिरले, तरी थांबत नाही. ज्या शहाणपणाने बांध राखला, तेच शहाणपण ग्रामपंचायतीच्या आणि नगरपरिषदेच्या सभागृहात नेणे, एवढेच आपल्याला करायचे आहे. त्यासाठी नव्या घटनेची गरज नाही. शेजारच्या गावाच्या खांडीवर माती टाकायला निघण्याची गरज आहे.