सुट्टीचा वार कोणाचा?

(चौक येथे साक्षरता वर्गाच्या मंडळींपुढे केलेले भाषण)



आज सोमवार आहे. आपला वर्ग सोमवारी ठेवला, याचे काही जणांना नवल वाटले. एक तरुण मला म्हणाला, "सर, सुट्टी तर रविवारी असते. रविवारी वर्ग ठेवला असता तर सगळे आले असते."

मी विचारले, "सगळे म्हणजे कोण रे?"

तो गप्प बसला. हुशार मुलगा आहे. त्याच्या लगेच ध्यानात आले. या वर्गात निम्म्याहून जास्त बाया आहेत. रविवारी त्या कोठे असतात? मासळीच्या पाटीपाशी, बाजारात.

बघा, गंमत कशी आहे. सोमवारी, गुरुवारी, शनिवारी पुष्कळ घरांत मासळी खात नाहीत. रविवारी मात्र साहेबाला सुट्टी, कारकुनाला सुट्टी, गिरणीवाल्याला सुट्टी. घरात पाहुणे येतात. मग सरंगा पाहिजे, कोळंबी पाहिजे, बोंबील पाहिजेत. म्हणजे ज्या दिवशी जगाला सुट्टी, त्याच दिवशी कोळणीला दुप्पट काम. ख्रिस्ती भगिनी तर पहाटेची मिस्सा ऐकून तशाच बाजार गाठतात.

म्हणून आज मी सुट्टीवरच बोलणार आहे. सुट्टी म्हणजे काय? ती कोणी मिळवून दिली? आणि ती घरातल्या कोणाकोणाच्या वाट्याला येते?

रविवार कसा मिळाला

तुम्हाला वाटत असेल, रविवारची सुट्टी देवाने दिली, नाहीतर सरकारने दिली. तसे नव्हे. आपल्याकडच्या गिरणी कामगारांना ती भांडून मिळवावी लागली. ती मिळवून देणारा माणूस मराठी होता आणि तो आपल्या ठाण्याचा होता. त्यांचे नाव नारायण मेघाजी लोखंडे.

लोखंडे यांचा जन्म १८४८ साली झाला. त्यांनी गिरणीत नोकरी केली. कामगारांचे हाल त्यांनी डोळ्यांनी पाहिले. दिवस उजाडला की गिरणी सुरू होई आणि दिवस मावळला की बंद होई. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून काम जास्त. गिरणीत बायका होत्या, लहान मुले होती. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. पगारही वेळेवर मिळत नसे.

लोखंडे हे महात्मा जोतीराव फुले यांचे सहकारी होते. 'दीनबंधू' नावाचे वर्तमानपत्र ते चालवीत. १८८४ साली त्यांनी कामगारांची सभा भरविली आणि मागण्यांचा अर्ज तयार केला. त्यावर सुमारे ५,५०० कामगारांनी सह्या केल्या. काय होते त्या अर्जात? रविवारी पुरती सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास विसावा द्या. पगार ठरल्या वेळी द्या. कामावर दुखापत झाली तर भरपाई द्या. मागण्या एवढ्याच. तरीसुद्धा सहा वर्षे गेली.

मग २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर मोठी सभा झाली. सुमारे दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार बायासुद्धा भाषण करायला उभ्या राहिल्या. बहिणींनो, हे नीट ऐका. त्या काळी बाईने चारचौघांत बोलणे केवढे अवघड! पण त्या बोलल्या. रविवारची सुट्टी मागताना बाईचाही आवाज त्यात होता.

पुढे १० जून १८९० रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. लोखंडे १८९७ साली प्लेगच्या साथीत वारले. २००५ साली सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले.

आता आपण जरा विचार करू. रविवार हा आपल्याकडे खंडोबाचा वार. ख्रिस्ती मंडळींचा तर तो प्रभूचा दिवस. म्हणजे हा दिवस काही परका नव्हता. पण गरिबाला तो दिवस मोकळा मिळत नव्हता. तो मिळावा म्हणून माणसे झिजली. असा दिवस आपण कसा घालवतो?

माझी चूक

दुसऱ्याला शिकवण्याआधी मास्तराने आपली पाटी दाखवावी. मी माझी दाखवतो.

मी नोकरीत असताना आमचे चार मास्तरांचे टोळके होते. रविवार आला की आम्ही निघालोच. कधी गोराईच्या किनाऱ्यावर जायचो, कधी वसईच्या किल्ल्यात, कधी घोडबंदरला. फार वेळा येथे चौकला. किल्ल्यावर बसायचे, गप्पा मारायच्या, पत्ते खेळायचे. मित्रांसारखी दौलत नाही. त्या गप्पांनी आठवड्याचा शीण जाई, हे मी आजही सांगेन. त्यांतले दोघे आता या जगात नाहीत. त्यांची आठवण झाली की मला तो रविवारच आठवतो.

पण त्या रविवारचा डबा कोण करीत असे? माझी बायको. पहाटे पाचला उठून चार जणांचे जेवण. आम्ही संध्याकाळी परत आलो की चार कप चहा. मग ते रिकामे डबे घासायचे. मला सुट्टी होती. तिला सुट्टी कधी होती, हे मी तीस वर्षांत एकदाही विचारले नाही.

एकदा ती म्हणाली, "अहो, चौकच्या किल्ल्यावरून समोर वसई दिसते म्हणता. मलाही एकदा न्या की."

मी म्हटले, "नेईन. पुढच्या रविवारी."

तो पुढचा रविवार काही आला नाही. कधी पाहुणे, कधी पेपर तपासायचे, कधी मित्रांचे ठरलेले. तिनेही पुन्हा विचारले नाही. निवृत्त झाल्यावर मला ते आठवले. मी तिला घेऊन आलो. भाईंदर स्टेशनवरून बस धरली. राई, मुर्धे, मोर्वा अशी गावे तिने खिडकीतून बघितली. चौकला उतरलो. पण तोवर तिचे गुडघे गेले होते. दहा पावले चढली आणि दगडावर टेकली. म्हणाली, "तुम्ही जाऊन या. मी येथे बसते."

मी वर गेलो. वसई दिसली. पण बघवेना. तसाच खाली आलो.

मंडळी, ती माझ्यावर रागावली नाही. रागावली असती तर बरे वाटले असते. पैशाचे कर्ज फेडता येते. सरलेला रविवार परत देता येत नाही. म्हणून तुम्हाला सांगतो, 'पुढच्या रविवारी' हा शब्द फार फसवा आहे.

आपल्या दारातले ठिकाण

लोक सहलीसाठी दूर दूर जातात. दुरून लोक आपल्याकडेही येतात. आणि आपण? काखेत कळसा नि गावाला वळसा!

आपल्या चौकचा किल्ला पाहा. त्याला धारावीचा किल्ला म्हणतात. मुंबईतली धारावी वेगळी, ही वेगळी. हा किल्ला वसईच्या खाडीच्या तोंडाशी आहे. समोर वसईचा किल्ला. येथे तोफ ठेवली की खाडीत शिरणाऱ्या गलबतांवर नजर राहते. वसईला समुद्रातून मदत पोहोचवायची तर या बाजूची भीती. म्हणून पोर्तुगीज आणि मराठे दोघांनाही हे ठाणे हवे होते. १७३७ ते १७३९ अशी दोन वर्षे वसईची मोहीम चालली. धारावीसाठी मोठी झुंज झाली. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या फौजेने धारावी घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई पडली. शाळेतल्या पुस्तकात जो इतिहास आहे, त्याचे दगड आपल्या दारात आहेत. मुलांना तेथे नेऊन दाखवा. चार पाने वाचून समजणार नाही, ते तेथे उभे राहिल्यावर समजेल.

२०२४ साली भाईंदर आणि वसई यांच्यामध्ये रो-रो बोट सुरू झाली. माणसे बसतात, गाड्याही चढतात. ज्या खाडीवर एवढी लढाई झाली, ती खाडी आता बसल्या बसल्या पार होते.

सहल कशी करावी

मी चार गोष्टी सांगतो. चारही सोप्या आहेत.

पहिली गोष्ट. सहलीला घरच्या बाईला न्या, आणि पाहुणी म्हणून न्या. तेथेही तिनेच पाने वाढायची आणि तिनेच भांडी घासायची, तर ती सहल नव्हे. नुसती चूल बदलली, एवढेच. भाकरी तिने केली तर भांडी तुम्ही घासा. हात झिजत नाहीत.

दुसरी गोष्ट. पैशाचा हिशेब ठेवा. आता तुम्हाला गुणाकार येतो. समजा, एक माणूस दर रविवारी मित्रांबरोबर दारूत ३०० रुपये घालवतो. वर्षाचे रविवार ५२. तीनशे गुणिले बावन्न किती? १५,६०० रुपये! एवढ्यात मुलीचे शिकणे होईल, नाहीतर जाळ्याचे सामान येईल. मित्र पाहिजेत, गप्पा पाहिजेत, गाणे-बजावणे पाहिजे. पण बाटली मध्ये आली की गप्पांचे भांडण होते, हे मी सांगायला नको. शिवाय दारू पिऊन पाण्यात उतरणे म्हणजे मरणाला हाक मारणे.

तिसरी गोष्ट पाण्याची. तुम्ही दर्यावर्दी माणसे. भरती-ओहोटी तुम्हाला मी काय शिकवणार? पण बाहेरून येणाऱ्या पोरांना ती कळत नाही. ओहोटीला ती खडकांवर लांब जाऊन बसतात, फोटो काढतात. मागून पाणी कधी चढले ते कळत नाही. आपल्या वाडवडिलांचा एक हिशेब आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करा. जे उत्तर येईल, त्या वाजता सुमारे पुरी भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा हिशेब अदमासाचा आहे, मिनिटाचा नव्हे. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असते. तेव्हा जास्त जपावे. पावसाळ्यात तर खडकावर जाऊच नये. अनोळखी पोरगा खडकावर दिसला तर त्याला हाक मारा. तो हसेल, हसू द्या. हाक मारायला पैसे पडत नाहीत.

चौथी गोष्ट. जेथे बसलो ती जागा होती तशी ठेवा. पिशव्या, बाटल्या, कागद परत न्या. किनाऱ्यावर टाकलेली पिशवी भरतीबरोबर दर्यात जाते आणि तुमच्याच जाळ्यात येते. बोंबलाऐवजी पिशवी मिळाली तर ती कोण विकत घेणार?

सुट्टी घरात वाटून घ्या

आता कोणी म्हणेल, "सर, हे सगळे नोकरदारांचे. आम्हाला कुठली सुट्टी? होडी पाण्याची वेळ बघते, वार बघत नाही."

खरे आहे. पण म्हणून सुट्टी नकोच, असे होत नाही. रविवार जमत नसेल तर सोमवार घ्या. मासळीला गिऱ्हाईक कमी असते, तो दिवस बाईचा. पावसाळ्यात सुमारे दोन महिने यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते. तेव्हा पुरुष घरी असतात. त्यांनी जाळी शिवावी, होडी दुरुस्त करावी, आणि आठवड्यातून एक दिवस चूलही सांभाळावी. नारळी पौर्णिमेला होडी दर्यात लोटाल, तेव्हा घरची लक्ष्मीही ताजीतवानी असेल.

लोखंडे यांनी मालकाकडून सुट्टी मागितली. घरात मालक कोण? आपणच. मग आपल्या घरात सुट्टीसाठी कोणाला सभा भरवायला लागू नये.

आता शेवटचे सांगतो आणि बसतो. येत्या एकादशीला सोमवार येतो आहे. त्या दिवशी वर्ग येथे भरणार नाही, किल्ल्यावर भरेल. एकादशीची पाऊणपट करा बरे. सव्वाआठ. म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमारास भरती आणि दुपारी दोन-सव्वादोनला ओहोटी. आपण एक वाजता जमू आणि चारच्या आत किनाऱ्यावरून वर येऊ. वाटेतल्या पाट्या तुम्ही वाचायच्या, मी वाचणार नाही. बसवरचे नाव वाचा, दुकानांच्या पाट्या वाचा, किल्ल्यावरच्या पाट्या वाचा. ज्याला अडेल त्याला शेजाऱ्याने सांगावे.

माझी बायकोही येणार आहे. रिक्षा जाईल तेथपर्यंत तिला रिक्षाने नेऊ. पुढे दोघींच्या खांद्यांचा आधार मिळाला तर ती आणखी थोडी चढेल, असे ती स्वतः म्हणते. नाही चढली तर आपण सगळे तिच्यापाशी खाली बसू. वसई तिला खालूनही थोडी दिसेल.

उपासाच्या मंडळींसाठी साबुदाण्याची खिचडी मी करून आणणार आहे. घरी तीन वेळा करून बघितली. पहिल्या दोन वेळा तिचा लगदा झाला. तिसऱ्या वेळी बायकोने एक घास खाल्ला आणि म्हणाली, "चालेल." तेव्हा मीठ कमी-जास्त झाले तर सांभाळून घ्या.