चित्रपटांच्या तबकड्या आणि त्यांचा संग्राहक

जुन्या ग्रामोफोनच्या तबकड्या जपून ठेवणारा गृहस्थ महाराष्ट्राला अपरिचित नाहीं. बालगंधर्वांचें पद किंवा अब्दुल करीमखांसाहेबांची ठुमरी ज्या तबकडींत उतरली, ती तबकडी तो फडक्यांत गुंडाळून ठेवतो, पाहुण्याच्या हातीं सहसा देत नाहीं, आणि दिलीच तर कडेला धरावयास सांगतो. त्याच्या या हट्टाला लोक हंसतात. परंतु गवई निघून गेल्यावर गाणें उरलें, तें पुष्कळ अंशीं अशा हट्टी माणसांमुळेंच, हेंहि लोक जाणून असतात. गेल्या चाळीसएक वर्षांत याच जातीचा आणखी एक संग्राहक निपजला आहे. तो जुन्या आणि कलादृष्ट्या श्रेष्ठ अशा चित्रपटांच्या तबकड्या जमवितो. त्याच्या कपाटांत रन्वार, कुरोसावा, ड्रायर, सत्यजित राय, ऋत्विक घटक ही मंडळी शेजारीं शेजारीं उभी असते. इंटरनेटवरून वाटेल तो चित्रपट क्षणांत घरीं येतो असें म्हणण्याच्या या दिवसांत हा मनुष्य पदरचे पैसे खर्चून कपाटें कां भरतो, असा प्रश्न त्याला घरांत आणि बाहेर नित्य विचारला जातो. त्या प्रश्नाचें उत्तर चित्रपटाच्या आयुष्याकडे पाहिल्यावांचून मिळावयाचें नाहीं.

चित्रपट ही कला वयानें लहान आणि प्रकृतीनें फार नाजूक. १९५० च्या सुमारापर्यंत चित्रपट ज्या नायट्रेटच्या फितीवर छापले जात, ती फीत चटकन् पेट घेई. आणि आगींतून वांचली तरी कालांतरानें चिकट होऊन तिचा भुगा होई. शिवाय फितींत चांदी असे. चित्रपटाची कमाई संपली, कीं त्याचीं रिळें भंगारांत जात आणि तिच्यांतून चांदी काढून घेतली जाई. भारतांत मूकपटांच्या काळीं सुमारें १३०० चित्रपट निघाले. त्यांपैकीं अगदींच थोडे, आणि तेहि बहुधा तुटक स्वरूपांत, आज उरले आहेत. १९३१ सालचा 'आलमआरा' हा भारताचा पहिला बोलपट. त्याची एकहि प्रत कोणास सांपडलेली नाहीं. पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, आणि पी. के. नायर यांनीं नासिकास फाळक्यांच्या कुटुंबीयांकडे जाऊन दादासाहेबांच्या चित्रपटांचे अवशेष गोळा केले, म्हणून महाराष्ट्राला आपल्या या पूर्वजाचें काम थोडेंफार तरी डोळ्यांनीं पाहतां येतें. त्याच पुण्यांत २००३ सालीं आग लागून नायट्रेटचीं पुष्कळ जुनीं रिळें भस्म झालीं. जेथें जपणूक होते तेथेंहि धोका संपत नाहीं, असा याचा अर्थ.

यूरोपांतील गोष्ट याहून निराळी नाहीं. कार्ल ड्रायर यांनीं १९२८ सालीं जोन ऑफ आर्कच्या खटल्यावर जो चित्रपट काढला, त्याची मूळ निगेटिव्ह आगींत जळाली. पुढें कित्येक वर्षें लोक पाहत होते, त्या वेगळ्या आणि बहुधा कापलेल्या प्रती. अखेर १९८१ सालीं नॉर्वेंत, ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटांत, पहिल्या आवृत्तीच्या प्रतीचे डबे निघाले. फ्रिट्झ लांग यांच्या १९२७ सालच्या 'मेट्रोपोलिस'चा सुमारें चौथा हिस्सा नाहींसा झाला होता. त्यांतील बहुतेक भाग २००८ सालीं ब्यूनॉस आयर्सच्या एका संग्रहालयांतील जुनाट प्रतींत मिळाला. हे चित्रपट वांचले ते कोणा एका मोठ्या तिजोरीमुळें नव्हेत. एक प्रत कोठें तरी दूर, मूळ मालकाच्याहि ध्यानांत नसलेल्या जागीं पडून राहिली, एवढेंच त्यांच्या वांचण्याचें कारण. प्रती पुष्कळ असाव्यात आणि त्या पुष्कळ घरीं असाव्यात, ही गोष्ट चित्रपटाच्या इतिहासानें अशी वारंवार शिकविली आहे.

लेसरच्या किरणानें वाचावयाची चित्रपटाची तबकडी अमेरिकेंत १९७८ सालीं प्रथम विक्रीस आली. तिचा व्यास ३० सेंटीमीटर होता. १९८४ सालीं क्रायटेरियन या अमेरिकन प्रकाशनसंस्थेनें 'सिटिझन केन' आणि 'किंग काँग' हे दोन चित्रपट अशा तबकड्यांवर काढले. 'किंग काँग'मध्यें एका जाणकाराचें विवेचन दुसऱ्या ध्वनिमार्गावर भरलें होतें. इच्छा असल्यास चित्र पाहतां पाहतां तें ऐकावें. येथें तबकडीला ग्रंथाचें रूप आलें. ज्ञानेश्वरीची शोधित प्रत काढणारा संपादक पोथ्या ताडून पाहतो, पाठभेद नोंदवितो, टीपा व प्रस्तावना जोडतो. चित्रपटाचा संपादकहि तसाच निरनिराळ्या प्रती जुळवितो, कापलेलीं दृश्यें शोधून आणतो आणि चित्राची चौकट दिग्दर्शकानें योजिली त्याच प्रमाणांत राखतो.

पुढें १९९६ सालीं जपानांत डीव्हीडी आणि २००६ सालीं ब्ल्यू-रे आली. दोहींचा व्यास १२ सेंटीमीटरच. फरक आहे तो किरणाचा. डीव्हीडी ६५० नॅनोमीटर तरंगलांबीच्या तांबड्या किरणानें वाचतात, ब्ल्यू-रे ४०५ नॅनोमीटरच्या निळसर जांभळ्या किरणानें. किरण जितका बारीक तितक्या बारीक खुणा तबकडीवर दाटीनें मावतात. म्हणून डीव्हीडीच्या एका थरांत ४.७ गिगाबाइट मजकूर राहतो, तर ब्ल्यू-रेच्या एका थरांत २५. पडद्यावर याचा अर्थ असा, कीं फितीचा मूळ कण, वस्त्राचा पोत आणि सावलींतील चेहरा आतां घरींहि दिसूं लागला.

अशी एक तबकडी निघण्यामागें किती श्रम असतात, हें 'पथेर पांचाली', 'अपराजितो' आणि 'अपूर संसार' या सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीवरून कळेल. १९९३ सालीं लंडनच्या एका प्रयोगशाळेंत आग लागली आणि तेथें असलेल्या या चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह होरपळल्या. जळके, वेडेवांकडे झालेले ते तुकडे फेंकून न देतां अमेरिकेंतील ॲकॅडमीच्या संग्रहालयानें जपून ठेविले. वीस वर्षांनीं इटलींतील बोलोन्या येथील तज्ज्ञांनीं त्या ठिसूळ फितींना ओलावा देऊन मऊ केलें, तुटलेल्या कडा हातानें सांधल्या आणि जो भाग वाचण्याजोगा होता तो यंत्रांत घातला. जेथें निगेटिव्ह उरलीच नव्हती तेथें अन्य ठिकाणच्या उत्तम प्रतींचा आधार घेतला. २०१५ सालीं तें काम पुरें होऊन तबकड्या बाजारांत आल्या. ज्या संस्था असल्या कार्यांत पैसा घालतात, त्यांना तो तबकड्या विकत घेणाऱ्यांकडूनहि मिळतो. म्हणजे कपाट भरणारा हा संग्राहक केवळ गिऱ्हाईक राहत नाहीं. आपल्या ऐपतीप्रमाणें तो जीर्णोद्धाराला हातभार लावीत असतो.

इंटरनेटवरील चित्रपटाची गोष्ट निराळी. तेथें पैसे भरणारास पाहण्याची परवानगी मिळते, वस्तु मिळत नाहीं. हक्काची मुदत संपली कीं चित्रपट निमूटपणें नाहींसा होतो. अमेरिकेंत २०१६ च्या नोव्हेंबरांत जुन्या व परदेशी चित्रपटांसाठीं फिल्मस्ट्रक नांवाची सेवा निघाली आणि २०१८ च्या नोव्हेंबरांत ती बंद झाली. रसिकांनीं पुष्कळ गाऱ्हाणीं घातलीं. सेवा वांचली नाहीं. ज्यांच्या घरीं तबकड्या होत्या त्यांचें मात्र त्या दिवशीं कांहींच गेलें नाहीं. तथापि तबकडीचा बाजारहि आटत चालला आहे, हें खरें. टपालानें तबकड्या भाड्यानें देण्यापासून ज्या नेटफ्लिक्सचा उदय झाला, त्या कंपनीनें २०२३ च्या सप्टेंबरांत तो व्यवहार कायमचा आवरला.

भारतांतील संग्राहकाची वाट तर अधिकच खडतर. डीव्हीडीसाठीं जगाचे ६ विभाग पाडले गेले व भारत पांचव्यांत पडला. ब्ल्यू-रेच्या ३ विभागांपैकीं तो तिसऱ्यांत आहे. त्यामुळें अमेरिकेहून हौसेनें मागविलेली तबकडी येथील साधें यंत्र पुष्कळदां वाचावयास नकार देतें. दुसरी अडचण गतीची. यूरोपांतील टेलिव्हिजनच्या पद्धतीसाठीं काढलेल्या डीव्हीडींत सेकंदाला २४ चित्रांचा चित्रपट २५ चित्रांच्या वेगानें धांवतो. १०० मिनिटांचा खेळ ९६ मिनिटांत आटोपतो, आणि आवाज चढा लागतो. गाण्याचा कान असलेल्या मराठी माणसाला हा चढलेला स्वर खटकल्यावांचून राहत नाहीं. उलट, आपल्याकडे अनेक मराठी चित्रपट घरोघरीं पोहोंचले ते व्हीसीडीवर; एका चित्रपटाला दोन किंवा तीन तबकड्या आणि चित्र बरेंच पुसट. जाणता संग्राहक तिलाहि कमी लेखीत नाहीं. ज्या चित्रपटाची दुसरी चांगली आवृत्ति निघालेलीच नाहीं, त्याची पुसट प्रत हीच आज त्याची पोथी होय.

तबकडी अमर आहे असेंहि कोणी समजूं नये. आंतील धातूच्या थराला हवा लागली तर तो थर डागाळतो. पहिल्या मोठ्या तबकड्यांपैकीं कित्येक अशाच निकामी झाल्या. घरीं नक्कल करून घेतलेली तबकडी रंगद्रव्याच्या थरावर अवलंबून असते आणि कारखान्यांत ठशानें काढलेलीपेक्षां लौकर दगा देते. कोंकणासारख्या दमट हवेंत वेष्टनाच्या कागदावर बुरशी धरते. तबकडी उभी ठेवावी, उन्हापासून दूर ठेवावी आणि अधूनमधून लावून पाहावी, एवढे साधे नियम पाळले तरी पुष्कळ होतें. अर्थात् मूळ फितीची जागा ती घेऊं शकत नाहीं; तें काम संग्रहालयांचेंच आहे.

या छंदाला एक रोगहि जडतो. कांहीं संग्राहक पाठीवरील अनुक्रमांक पुरे करण्यासाठीं तबकड्या घेतात आणि वेष्टनहि फोडीत नाहींत. न वाचलेल्या ग्रंथांचें कपाट आणि न पाहिलेल्या चित्रपटांचें कपाट यांत फारसें अंतर नाहीं. भारतांत चांगला चित्रपट रुजला तो चार माणसांनीं एकत्र बसून पाहण्यानें. १९४७ सालीं कलकत्त्यास सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त प्रभृतींनीं फिल्म सोसायटी काढली. मुंबईस १९६८ सालीं प्रभात चित्र मंडळ निघालें. ज्याच्या घरीं उत्तम तबकड्या आहेत त्यानें शेजारच्या मुलांना, मित्रांना बोलावून त्या दाखवाव्या आणि मग चित्रपटावर मनसोक्त वाद घालावा. संग्रहाचें सार्थक त्यांतच आहे.

शेवटीं एका गोष्टीचा विचार प्रत्येक संग्राहकानें वेळींच करावा. तो गेल्यावर कपाटाचें काय होईल? घरच्यांना त्यांतलें कांहीं ठाऊक नसेल, तर एके दिवशीं तीं सगळीं खोकीं वजनावर जातील. ज्या भंगारवाल्याच्या दारांतून मूकपटांचीं रिळें गेलीं, त्याच दारांतून. तें टाळणें फारसें कठीण नाहीं. एका साध्या वहींत चित्रपटाचें नांव, दिग्दर्शक, साल, आवृत्ति आणि ती कां घेतली हें दोन ओळींत लिहून ठेवावें. दुर्मिळ तबकड्यांवर खूण करावी. आणि आपल्या मागें त्या कोणाकडे जाव्या, हें आजच ठरवून त्या माणसाला सांगून ठेवावें. तो माणूस वयानें लहान असावा आणि त्यानें त्यांतले निदान चार चित्रपट आधींच पाहिलेले असावेत.