तीजनबाईंचा पहिला अल्बम कोणता?



भिलाईचं सिविक सेंटर म्हणजे पोलाद कारखान्याच्या वसाहतीचं बाजाराचं ठिकाण. १९५९ मध्ये कारखान्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि नोकरीसाठी देशभरातून माणसं इथे आली. त्यांत आपली मराठी कुटुंबंही आली. या वसाहतीपासून साधारण चौदा किलोमीटरवर गनियारी नावाचं गाव आहे. तीजनबाईंचा जन्म तिथला, १९५६ चा.

आजोबा ब्रिजलाल पारधी महाभारत गात, ते ऐकून ऐकून या मुलीला पाठ झालं. महाभारत गाण्याच्या या कलेला पंडवानी म्हणतात. तिच्या दोन रीती आहेत. वेदमती बसून गायची, कापालिक उभं राहून, अभिनयासह. बायकांनी गायलंच तर बसून गावं, असा रिवाज होता. तीजनबाई उभ्या राहिल्या. गाण्यापायी समाजानं त्यांना बाहेर काढलं, तेव्हा एकटीनं झोपडी बांधून त्या राहिल्या, पण गाणं सोडलं नाही. तेराव्या वर्षी दुर्ग जिल्ह्यातल्या चंद्रखुरी गावात त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. बिदागी मिळाली दहा रुपये.

गायकाची कारकीर्द आपण पहिल्या अल्बमपासून मोजतो. अमेरिकेतल्या ‘कंट्री’ संगीताचा इतिहासही असाच सांगतात. १९२७ च्या उन्हाळ्यात ब्रिस्टल गावी ध्वनिमुद्रण-निर्माता राल्फ पीअर यंत्र घेऊन आला आणि जिमी रॉजर्स व कार्टर कुटुंब या गायकांची पहिली ध्वनिमुद्रणं झाली. तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत. डोंगरातल्या माणसांची लांबलचक कथागीतं त्या मापात कापली गेली, आणि पुढे तेच माप गाण्याचं माप ठरलं.

पंडवानी त्या मापात बसत नाही. एकच प्रसंग तासन्‌तास चालतो. मोरपिसं लावलेला तंबुरा कधी भीमाची गदा होतो, कधी अर्जुनाचं धनुष्य. आणि शेजारी असतो रागी. तो हुंकार देतो, मध्येच प्रश्न विचारतो, श्रोत्यांच्या मनातली शंका बोलून दाखवतो. आपल्या पोवाड्यातला झीलकरी आठवा. शाहिराला दम घ्यायला तो जागा देतो, पण रागी त्याहून पुढे जाऊन कथेलाच वळण देतो. ध्वनिमुद्रणाचं संकलन करताना हा हुंकार अडगळ समजून कापला, की उरतो तो नुसता आवाज. आवाज थोर आहे, भरदार आहे, तरी ती पंडवानी नव्हे.

म्हणून माझ्या लेखी तीजनबाईंचा पहिला अल्बम म्हणजे चंद्रखुरीचा तो कार्यक्रम, कुठल्याही फितीवर नसलेला. पुढे नाटककार हबीब तन्वीर यांनी त्यांना ऐकलं आणि मोठ्या रंगमंचाची वाट मोकळी झाली. श्याम बेनेगलांच्या ‘भारत एक खोज’ या दूरदर्शन मालिकेतून १९८८ च्या सुमारास घराघरांत त्या दिसल्या. भिलाईच्या कारखान्यात त्यांनी नोकरीही केली. २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

माझं आकाशवाणीकडे मागणं एकच आहे. पंडवानीचा एखादा प्रसंग, द्रौपदी-चीरहरण म्हणा, दुःशासनवध म्हणा, अख्खाच्या अख्खा ऐकवा. रागीच्या हुंकारासकट, मधल्या विनोदासकट, तंबुरा खाली ठेवून घेतलेल्या घोटभर पाण्यासकट. रात्रीची सभा त्यासाठी मोकळी ठेवा.