तळे घ्यायचे तर त्याच्या वाटांसकट

(बेळगाव येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेले की शहापूर, वडगाव, अनगोळच्या शेतकऱ्यांना एकच घोर लागतो. यंदा बळ्ळारी नाला किती शिवार बुडवणार? बासमतीची रोपे लावून झालेली असतात, पाणी दिवसेंदिवस वाफ्यांतून हलत नाही, रोप कुजते आणि पुन्हा लावणी करावी लागते. मग नाल्यातले गवत काढा, गाळ काढा, अतिक्रमणे हटवा, अशी निवेदने दिली जातात. या मागण्या रास्तच आहेत. पण आज मला नाल्याच्या वरच्या अंगाला पाहायचे आहे. शहरातले पाणी नाल्यात येण्याआधी जिथे थांबत होते, त्या लहान तळ्यांविषयी मी बोलणार आहे. त्यांतही खासगी मालकीच्या, कुणी लक्ष न दिलेल्या तळ्यांविषयी.

शहराच्या कडेला अशी तळी वेगवेगळ्या कारणांनी तयार होतात. कुठे वीटभट्टीसाठी माती काढलेली असते, कुठे दगडाची खाण बंद पडलेली असते, तर कुठे एखाद्या वतनदाराने बागायतीसाठी पूर्वी बांध घातलेला असतो. सर्व्हे नंबर एका कुटुंबाचा असतो, पण पाणी चार गल्ल्यांच्या छपरांवरून आलेले असते. मला सगळा पेच इथेच दिसतो. जमीन एकाची, पाणी सगळ्यांचे, आणि ते तुंबले की भोगणारे खालच्या वस्तीतले.

एक साधा हिशेब मांडतो. एक एकर तळ्यात अडीच मीटर पाणी मावत असेल, तर ते साधारण एक कोटी लिटर होते. दहा हेक्टर, म्हणजे सुमारे पंचवीस एकर वस्तीवर १०० मिलिमीटर पाऊस पडला आणि सिमेंट-डांबरामुळे त्यातला थेंबही मुरला नाही, तर तेवढेच पाणी वाहते. म्हणजे एक एकराचे तळे पंचवीस एकर वस्तीचा एका दिवसाचा मुसळधार पाऊस पोटात घेऊ शकते. आता याच तळ्याचा एक गुंठा भरला असे समजा. अडीच लाख लिटरांची जागा गेली. दहा हजार लिटरांचे पंचवीस टँकर! गुंठ्या-गुंठ्याने तळे बुजते तेव्हा कुणालाच ते जाणवत नाही. रात्री एक डंपर इमारतीचा राडारोडा टाकून जातो, पुढच्या आठवड्यात त्यावर तांबडी माती पडते, मग चुन्याच्या रेघा मारल्या जातात. पंचवीस टँकर पाणी मात्र दर मोठ्या पावसाला खालच्या कुणाच्या तरी घरात, कुणाच्या तरी वाफ्यात शिरते.

कोल्हापूर आपल्या शेजारचे. निपाणीहून तासाभरात तिथे पोचता येते. त्या शहरातल्या तळ्यांपैकी रंकाळा राहिला, कोटीतीर्थ राहिले, पण वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, रावणेश्वर तळ्यावर शाहू स्टेडियम उभे राहिले आणि कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली. गांधी मैदानात पावसाळ्यात पाणी साचते, तेव्हा वर्तमानपत्रे मैदानाचे तळे झाल्याची बातमी देतात. जमिनीचा उतार बदललेला नाही. पाणी आपल्या जुन्या जागी येते, एवढेच.

मग महापालिकेने ही तळी ताब्यात का घेऊ नयेत? घ्यावीत, आणि लवकर घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. पण त्याआधी मालकाकडे न्यायाने पाहिले पाहिजे. उताऱ्यावर बहुधा पाच-सहा वारसांची नावे असतात. एक परगावी असतो, दोघांचा दिवाणी दावा चालू असतो. जमीन पिकत नाही, विकली जात नाही. शेजारचे लोक कचरा तिच्यात टाकतात आणि डासांची नोटीस मालकाच्या नावाने निघते. अशा माणसाला पर्यावरणाचा शत्रू ठरवून प्रश्न सुटत नाही. तळे भरण्यावाचून त्याच्यापुढे दुसरा मार्गच ठेवला नाही, तर तो ते भरणारच.

कायद्याचे संरक्षण कुठवर पोचते तेही पाहू. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी खटल्यात आणि २०११ मध्ये जगपाल सिंग खटल्यात तळ्यांच्या बाजूने ठाम निकाल दिले. पण ती गावाची, सार्वजनिक तळी होती. कर्नाटकाने २०१४ मध्ये तलाव संवर्धन प्राधिकरणाचा कायदा केला. त्यातली तलावाची व्याख्या मला फार मोलाची वाटते. पाणी असो वा नसो, महसुली दप्तरात सरकारी केरे, खराब केरे, कुंटे, कट्टे अशी नोंद असलेला जलसाठा म्हणजे तलाव. त्यात भोवतालचे पाणलोट, पाणी आणणारे राजकालुवे, बांध, सांडवा, तूम हे सारे आले. तलाव म्हणजे नुसता खड्डा नाही, हे या कायद्याने मान्य केले. अडचण नोंदीची आहे. खासगी तळ्याच्या उताऱ्यावर जिरायत किंवा बागायत लिहिलेले असते. पाणी कितीही असो, कागदावर तिथे शेतच असते.

म्हणून पहिले काम कागद वाचण्याचे. आपल्या महसुली नियमांत पोटखराबा दोन प्रकारचा धरतात. ‘अ’ म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमीन. ‘ब’ म्हणजे रस्ता, पायवाट, नाला, तळे अशा इतरांच्याही वापरासाठी आकारणीतून वगळलेली जमीन. एखाद्याच्या सर्व्हे नंबरात दोन एकर पाणी असेल आणि त्यातले बारा गुंठे ‘ब’ खराब्यात असतील, तर तेवढ्याची किंमत शहराने पुन्हा का मोजायची? शिवाय हा भाग १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. इनामे रद्द करणाऱ्या मुंबईच्या कायद्यांनी इनाम जमिनींतले सार्वजनिक रस्ते, नाले, तळी यांचे हक्क सरकारकडे आणले होते. जुने इनामपत्रक, मोजणीचा नकाशा आणि आजचा उतारा शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय भूसंपादनाची भाषा करू नये. अशा कामात मोडी वाचणारा माणूस वकिलाइतकाच उपयोगी पडतो. आपल्या भागात असे वाचक अजून आहेत.

उरलेली जमीन खरोखर खासगी असेल, तर तिचा दाम दिला पाहिजे. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभाव आणि त्यावर तेवढीच, म्हणजे शंभर टक्के, दिलासा रक्कम आहे. खरा वाद बाजारभाव कशाचा धरायचा यावर होतो. मालक म्हणतो, शेजारच्या बिनशेती प्लॉटचा दर द्या. पालिका म्हणते, हा खड्डा आहे. माझ्या मते तुलना तशाच जमिनीशी झाली पाहिजे: पाण्याखालची, रस्ता नसलेली, भरल्याशिवाय घर न उभे राहणारी. भराव घालण्याचा खर्च वजा करून येणारा दर मालकालाही पटवता येतो. पण तळे आधीच अर्धे भरलेले असेल, तर बेकायदा भरावामुळे त्याची किंमत वाढते आणि ती शहराला मोजावी लागते. उशिराचा हा भुर्दंड आहे.

पालिकेकडे रोख पैसा नसतो, हे दर अर्थसंकल्पात ऐकू येते. नागपूरचा सोनेगाव तलाव भोसले घराण्याच्या मालकीचा. तिथे महापालिकेला काही करायचे तर आधी मालकीचा प्रश्न सोडवावा लागला, आणि रोख मोबदल्याऐवजी हस्तांतरणीय विकास हक्कांचा मार्ग पुढे आला. आपल्याकडेही १९६१ च्या नगररचना कायद्यात अशा हक्कांची तरतूद आहे. त्याच कायद्याचे कलम ६९ मात्र विसरू नका. आराखड्यात जागा सार्वजनिक कामासाठी राखली आणि पाच वर्षांत संपादनाला हात घातला नाही, तर राखीवपण गळून पडते. नकाशावर निळा रंग भरला म्हणजे तळे वाचले, असे समजणाऱ्यांनी आराखड्याच्या प्रसिद्धीची तारीख आधी पाहावी.

बंगालने याहून निराळी वाट धरली होती. १९३९ च्या तिथल्या तलाव सुधारणा कायद्याने पडीक खासगी तळे कलेक्टरला ठरावीक वर्षांसाठी ताब्यात घेता येई आणि दुरुस्त करून वापरात आणता येई. मालकी मालकाचीच राही. पुढे १९९३ मध्ये पश्चिम बंगालच्या मत्स्यव्यवसाय कायद्यात दुरुस्ती झाली आणि पाच कठ्ठ्यांहून, म्हणजे सुमारे साडेतीन गुंठ्यांहून मोठे पाणी बुजवण्यास बंदी आली. तळे खासगी असले तरीही. तिथेही तळी चोरून भरली जातात, पण निदान भरणारा गुन्हेगार ठरतो. वारसांचे दावे वर्षानुवर्षे चालणाऱ्या आपल्या भागात असा तात्पुरता ताबा फार उपयोगी पडेल. निकाल लागेपर्यंत तळे तरी जिवंत राहील.

आता माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. समजा, सगळे जुळले, पैसे दिले, सातबारा म्हणा की पहाणी, त्यावर महापालिकेचे नाव चढले. शहराच्या हाती काय आले? पाणी आणणारी वाट कुणाच्या कंपाउंडखाली गेली असेल आणि सांडव्यापुढे दुकानगाळे झाले असतील, तर एक खड्डा हाती आला. नागपूरचा अंबाझरी तलाव १८७० सालचा, मालकी सार्वजनिक. तरी २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे तो ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्या बुडाल्या, माणसे दगावली. सांडव्यासमोरचे बांधकाम आणि आवळलेले नदीपात्र यांवर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात सुनावण्या झाल्या. म्हणून संपादनाच्या प्रस्तावात तळ्याच्या क्षेत्राबरोबर येणारा ओढा, जाणारा ओढा आणि दोहोंच्या काठची पट्टी हवी. ती पैसे देऊन मिळो की वहिवाटीच्या हक्काने, पण पहिल्याच अधिसूचनेत तिचे सर्व्हे नंबर यावेत.

दुसरी भीती सुशोभीकरणाची आहे. बेळगावचे नाव २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीत आले आणि तळी सजवायला पैसा आला. फिरायला जागा हवीच, मुलांना बाग हवी. मात्र काठ सिमेंटच्या उभ्या भिंतीने बांधला की तळ्याचे क्षेत्र आक्रसते आणि बाजूने येणारे पाणी अडते. कारंज्यासाठी तळे बारमाही काठोकाठ ठेवले की जूनमधल्या पावसाला जागाच उरत नाही. पावसाचे तळे मे महिन्यात खाली उतरलेले दिसले पाहिजे, आणि ते तसे दिसते म्हणून नगरसेवकाला दोष देऊ नये. गटाराचे पाणी तोडले नाही तर पुढच्या दोन वर्षांत जलपर्णी काठोकाठ पसरेल, मग पाऊस कुठे थांबणार?

शेवटी सुनावणीविषयी. २०१३ च्या कायद्याप्रमाणे सामाजिक परिणामांच्या अभ्यासात जाहीर सुनावणी घ्यावी लागते. बाधित म्हणून नोटीस जाते ती ज्यांची जमीन वा रोजी जाते त्या कुटुंबांना. वडगावच्या शिवारातल्या शेतकऱ्याची एक फूट जमीनही अशा तळ्यासाठी जात नाही, म्हणून त्याला कुणी बोलावत नाही. तळे राहिल्याचा लाभ त्याचा आणि बुजल्याचा तोटाही त्याचाच. पालिकेने त्याला आपणहून पत्र पाठवावे, सुनावणी लावणीच्या धांदलीत न ठेवता माघ-फाल्गुनात ठेवावी, आणि गेल्या पाच पावसाळ्यांत त्याचे पीक किती दिवस पाण्याखाली होते हे त्याच्या तोंडून अहवालात लिहून घ्यावे. मालकाला किती द्यायचे याचा निर्णय त्या नोंदीनंतर व्हावा.