बाबांचा रिपोर्ट आणि सरांची सरासरी
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजक म्हणाले, ‘कॉम्प्युटरवर बोल.’ मी रक्ताच्या रिपोर्टवर बोलणार आहे. दोन्हींचा संबंध आहे.

माझे बाबा इथे सेमाडोहला वनरक्षक होते, तुम्ही सगळे त्यांना ओळखता. निवृत्तीनंतर त्यांना चढावर दम लागू लागला, पाय सुजू लागले, झोपताना दोन उशा लागू लागल्या. आम्ही म्हटलं, वय झालं. अमरावतीला तपासलं तेव्हा ‘हार्ट फेल्युअर’ निघालं. म्हणजे हृदय बंद पडणं नव्हे, तर रक्त पुढे ढकलण्याची त्याची ताकद कमी होणं. रिपोर्टमध्ये एक आकडा होता : एनटी-प्रोबीएनपी ६,२००.

हृदयावर ताण आला की त्याच्या पेशी बीएनपी हे संप्रेरक सोडतात. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडलं, म्हणून नावात ‘ब्रेन’ राहिला. एनटी-प्रोबीएनपी हा त्याच्या जोडीनेच सुटणारा तुकडा. दम लागलेल्या रुग्णात तो ३०० च्या खाली असेल, तर कारण बहुधा दुसरं असतं. वय आणि मूत्रपिंडाच्या आजारानेही तो वाढतो. पण हार्ट फेल्युअरमध्ये तो जितका चढा, तितका धोका मोठा.

त्या रात्री मी लॅपटॉप उघडला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेलं ‘सिअ‍ॅटल मॉडेल’ वय, रक्तदाब, औषधं आणि सोडियम, हिमोग्लोबिन, युरिक अ‍ॅसिड असे साधे आकडे घेऊन रुग्ण किती वर्षं जगेल याची शक्यता सांगतं. बाबा पाहत होते. म्हणाले, “काय वं, मायी किती वर्सं रायली थे दिसते का त्याच्यात?”

मला बोलता आलं नाही. मग आपले गणिताचे सर आठवले. ते म्हणायचे, ‘सिपनेची सरासरी खोली गुडघाभर असली, तरी डोहात माणूस बुडतो.’ तो आकडा बाबांसारख्या शंभर जणांचा होता, बाबांचा नव्हता. आणि त्याच मॉडेलमध्ये मी योग्य औषधं भरली, तेव्हा शक्यता वाढली! आकडा भविष्य सांगत नव्हता, काय करायचं राहिलंय ते सांगत होता.

त्रिवेंद्रमच्या नोंदवहीत २०१३ मध्ये दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांपैकी सुमारे ३० टक्के वर्षभरात गेले. ज्यांना शिफारस केलेली सगळी औषधं मिळाली, ते जास्त जगले. अशांचं प्रमाण मात्र फक्त चौथाई होतं.

बाबांनी औषधं चुकवली नाहीत, मीठ कमी केलं, रोज वजन लिहिलं. त्यानंतर चार पावसाळे पाहून ते गेले.

आता आपल्या सगळ्यांचे आईबाबा त्याच वयात आहेत. दम, पायाची सूज, वाढत्या उशा दिसल्या, तर ‘वय झालं’ म्हणू नका. आम्ही म्हटलं होतं, तेवढं पुरे.