वैमानिकांचे संघ आणि तरुण वैमानिक

म्हैसूर नगरीचे आकाशाशी नाते दुहेरी आहे. १९३५ साली मानसशास्त्राचे प्राध्यापक एम. व्ही. गोपालस्वामी यांनी येथे आपल्या निवासस्थानी एक लहानसे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याला लाभलेले ‘आकाशवाणी’ हे नाव पुढे सबंध देशाच्या नभोवाणीने स्वीकारले. दुसरे नाते विमानांचे. १९४० साली सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी बंगळूर येथे विमानांचा कारखाना काढला, तेव्हा जमीन आणि भांडवल देऊन त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते म्हैसूरचे संस्थान. संस्थानी अमदानीतच शहराच्या दक्षिणेस मंडकळ्ळी येथे विमानतळ झाला. २०१० साली त्याचे नूतनीकरण होऊन तेथून प्रवासी वाहतूक सुरू झाली. आज तेथे ओरिएंट फ्लाइट्स या प्रशिक्षण संस्थेचे विद्यार्थीही उड्डाणाचे धडे गिरवितात.

असे विद्यार्थी आता केवळ म्हैसुरात नाहीत. २०२१ साली विमानतळ प्राधिकरणाने बेळगाव, जळगाव आणि कलबुर्गी येथील विमानतळ नव्या प्रशिक्षण संस्थांना खुले केले. बारामती आणि गोंदिया येथे ही विद्या त्यापूर्वीच पोहोचली होती. मुंबईच्या बड्या घराण्यांपुरता मर्यादित असलेला हा छंद जिल्ह्याच्या गावी आला आणि त्याचा व्यवसाय झाला. व्यावसायिक परवान्यासाठी २०० तासांचे उड्डाण करावे लागते. त्यापुढे विशिष्ट जातीचे मोठे विमान चालविण्याचे शिक्षण वेगळे. या सर्वांसाठी कित्येक लक्ष रुपये लागतात. कोणी शेत गहाण टाकतो, कोणी बँकेचे कर्ज काढतो. अशा तरुणापुढे कोणी वैमानिकांच्या जुन्या संघाचे नाव काढले, तर त्याचा पहिला प्रश्न सरळ असतो: या संघाचा मला उपयोग काय?

प्रश्न उद्धटपणाचा नाही. तो व्यवहाराचा आहे, आणि त्याचे उत्तर व्यवहारानेच दिले पाहिजे.

संघ ही कल्पना आपल्या देशाला परकी नव्हे. नाशिकच्या पांडवलेण्यांत क्षहरातांचा जामात उषवदात याचा शिलालेख आहे. भिक्षूंच्या वस्त्रांसाठी व इतर गरजांसाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे तीन हजार कार्षापणे कायमची ठेव म्हणून ठेवली आणि केवळ व्याज खर्च व्हावे, अशी व्यवस्था केली. एवढे द्रव्य कोणा एका विणकराच्या हाती देण्याचे धाडस त्याने केले नसते. माणूस जातो, श्रेणी राहते, हा विश्वास त्या ठेवीच्या मुळाशी होता. एकट्याला जे तोलता येत नाही ते अनेकांनी मिळून पिढ्यान्‌पिढ्या तोलून धरावे, हेच श्रेणीचे प्रयोजन.

विमानविद्येत हे प्रयोजन फार लवकर ओळखले गेले. १९२९ च्या फेब्रुवारीत जे. आर. डी. टाटा यांना भारतातील पहिला वैमानिक परवाना मिळाला. त्याच वर्षी लंडन येथे वैमानिक व मार्गदर्शक यांची ‘गिल्ड’ स्थापन झाली. खलाशांच्या आणि कारागिरांच्या जुन्या मंडळ्यांचा आदर्श पुढे ठेवून या नव्या विद्येला व्यवसायाची प्रतिष्ठा आणि शिस्त लावून द्यावी, हा तिचा हेतू होता. २०१४ पासून ती ‘ऑनरेबल कंपनी ऑफ एअर पायलट्स’ या नावाने ओळखली जाते. अमेरिकेतील वैमानिकांनी १९३१ साली आपला संघ उभारला, आणि १९४८ मध्ये निरनिराळ्या देशांतील संघांचा आंतरराष्ट्रीय महासंघ झाला. भारतात १९५३ साली विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण होऊन दोन महामंडळे निर्माण झाली. पुढे एअर इंडियाच्या वैमानिकांची इंडियन पायलट्स गिल्ड आणि इंडियन एअरलाइन्सच्या वैमानिकांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन या दोन संघटना या क्षेत्रात प्रबळ झाल्या.

या इतिहासाचा अभिमान वाटावा, तसेच त्यात संकोच वाटावा असेही काही आहे. २००७ साली दोन्ही सरकारी कंपन्यांचे विलीनीकरण झाले; वैमानिकांची मने मात्र विलीन झाली नाहीत. २०१२ च्या मे महिन्यात ड्रीमलायनर या नव्या विमानाचे शिक्षण आधी कोणाला मिळावे, यावरून गिल्डच्या वैमानिकांनी काम थांबविले. हा संप ५८ दिवस चालला आणि त्या अवधीत व्यवस्थापनाने गिल्डची मान्यता काढून घेतली. ज्या संघाने वैमानिकाच्या बाजूने उभे राहावयाचे, तो दुसऱ्या वैमानिकांच्या वाटेत उभा राहिला. सेवाज्येष्ठतेची राखण हेच ज्या संघाचे मुख्य कार्य होऊन बसते, त्याच्याकडे कनिष्ठाने कोणत्या आशेने पाहावे?

दुसरी उणीव याहून खोल आहे. हे संघ एकेका कंपनीच्या दावणीला बांधलेले राहिले. जेट एअरवेजच्या वैमानिकांनी २००९ साली नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड स्थापन केली. तिच्यासाठी झटणाऱ्या वैमानिकांना कामावरून काढण्यात आले, तेव्हा सहकाऱ्यांनी सामुदायिक रजा घेऊन विमाने थांबविली आणि त्यांना परत कामावर घ्यावयास लावले. एकजुटीचा तो विजय होता. परंतु १७ एप्रिल २०१९ रोजी त्या कंपनीचे शेवटचे विमान उतरले, आणि ज्या गिल्डने व्यवस्थापनाला नमविले होते तिला थकलेल्या पगारासाठी याचना करावी लागली. कंपनीबरोबर जन्मून कंपनीबरोबर खचणारा संघ हा श्रेणी नव्हे. आजचे तरुण बहुतांशी खासगी कंपन्यांत दाखल होतात, आणि तेथे संघटनेचे मूळ अद्याप खोलवर रुजलेले नाही.

मग तरुणाने संघाकडे पाठ फिरवावी काय? याचा निर्णय करण्यापूर्वी दोन दुर्घटनांचे स्मरण करणे आवश्यक आहे.

२२ मे २०१० रोजी दुबईहून रात्री निघालेले विमान पहाटे मंगळूरच्या डोंगरमाथ्यावरील धावपट्टीवर उतरताना पुढे दरीत कोसळले आणि १६६ पैकी १५८ जीव गेले. चौकशीत दिसून आले, की प्रवासात मुख्य वैमानिक दीर्घ काळ झोपला होता, आणि त्या झोपेची गुंगी त्याच्या निर्णयशक्तीवर रेंगाळत होती. सहवैमानिकाने विमान पुन्हा वर नेण्याची सूचना तीन वेळा केली, पण ती मानली गेली नाही. या एका घटनेत तरुण वैमानिकाच्या दोन्ही अडचणी एकवटल्या आहेत: रात्रीच्या कामाचा शीण, आणि ज्येष्ठापुढे न चालणारा शब्द.

नियम असे सांगतात, की थकलेल्या वैमानिकाने उड्डाण करू नये. परंतु ‘मी थकलो आहे’ हे वाक्य उच्चारावयाचे कोणी? कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या तेवीस वर्षांच्या सहवैमानिकाने? एकदा तो म्हणेल. दुसऱ्यांदा आपल्या नावापुढे काय लिहिले जाईल, याचा विचार करून गप्प बसेल. हेच वाक्य हजारांच्या वतीने उच्चारले गेले, की ते तक्रार न राहता मागणी ठरते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने जानेवारी २०२४ मध्ये नवे नियम जाहीर केले. त्यांनुसार आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर गेली, आणि रात्रीच्या उतरणींची मर्यादा सहावरून दोनवर आली. कंपन्यांच्या विरोधामुळे हे नियम लांबणीवर पडले. तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयात त्यांच्यासाठी झगडले ते हेच जुने, कालबाह्य म्हणून हिणविले गेलेले संघ. अखेर २०२५ च्या जुलै आणि नोव्हेंबर महिन्यांत नियम दोन टप्प्यांनी लागू झाले. डिसेंबरात इंडिगोची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि कंपनीला नियमांतून तात्पुरती सूट देण्यात आली, तेव्हा त्या सवलतीविरुद्ध आवाज उठला तोही वैमानिकांच्या संघटनांचाच. त्या वादात प्रवाशांचे हाल खरे होते. पण झोपेने जड झालेल्या डोळ्यांनी चालविलेल्या विमानात बसणे, हे त्या हालांवरचे औषध नव्हे.

दुसरी घटना १२ जून २०२५ ची. अहमदाबादहून लंडनकडे निघालेले विमान उड्डाणानंतर क्षणार्धात कोसळले आणि विमानातील व जमिनीवरील मिळून २६० माणसे मृत्युमुखी पडली. महिन्याने प्राथमिक अहवाल प्रसिद्ध होताच, चौकशी पुरी होण्याची वाट न पाहता, देशोदेशींच्या वृत्तपत्रांत मृत वैमानिकांकडे बोटे वळली. मृताला स्वतःची बाजू मांडता येत नाही. वैमानिकाचे नव्वदी ओलांडलेले वडील आणि फेडरेशन ऑफ इंडियन पायलट्स ही संघटना यांनी मिळून सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. अपघाताचे खरे कारण काय, हे चौकशीच ठरवील. संघाने ते ठरवू नये. परंतु निवाड्याआधी शिक्षा होऊ नये, एवढे बजावणारा कोणीतरी हवा. एकट्या वृद्ध पित्याच्या आवाजाला जे बळ आले असते त्याहून अधिक ते संघाच्या सोबतीने आले. प्रत्येक तरुण वैमानिकाने यातून काय घ्यावे, हे निराळे सांगण्याची गरज नाही.

तेव्हा संघ हवा की नको, हा प्रश्न नाही. संघाने कोणासाठी असावे, हा आहे. ज्येष्ठांच्या हक्कांची कोठारे राखणारा, कंपनीच्या भिंतीबाहेर न पाहणारा संघ तरुणाला निरुपयोगी वाटला, तर दोष तरुणाचा नाही. अशा संघाने प्रथम आपले दार उघडावे. परवाना हाती येऊन नोकरी न लाभलेल्या मुलाला सभासद करून घ्यावे. म्हैसूर, बेळगाव, जळगाव येथील विद्यार्थ्यांपर्यंत अनुभवी कप्तानांना पाठवावे. आणि मुख्य म्हणजे सहवैमानिकाने ‘विमान वर घ्या’ म्हटल्यावर ते ऐकण्यात कमीपणा नाही, हे आपल्याच ज्येष्ठांना शिकवावे. ज्या संघात कनिष्ठाचा शब्द ऐकला जात नाही, त्याच्या सभासदांनी कॉकपिटमध्ये तो ऐकावा, अशी अपेक्षा कशी करावी?

तरुणाकडेही काही येणे आहे. ४८ तासांची जी विश्रांती नियमाने त्याच्या पदरात पडली ती आपोआप आलेली नाही. तिच्यासाठी इतरांनी वर्षानुवर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या. त्या ठेवीचे व्याज घ्यावयाचे आणि मुद्दलात भर घालावयाची नाही, हा व्यवहार गोवर्धनच्या विणकरांनाही मान्य झाला नसता.

मंडकळ्ळीच्या धावपट्टीवर विद्यार्थी प्रथमच एकट्याने विमान उचलतो, तेव्हा शेजारची आसंदी रिकामी असते आणि त्याला धन्य वाटते. तसे वाटणे योग्यच आहे. परंतु पुढील तीस-चाळीस वर्षांच्या व्यवसायात ज्या प्रसंगी त्याचा एकट्याचा आवाज पुरणार नाही, त्या प्रसंगासाठी त्याने आजच सोबत शोधावी. आणि जुन्या संघांनी, ती सोबत देण्याची आपली लायकी आहे, हे आपल्या वागणुकीने सिद्ध करावे.